माफी मागायला बारा वर्षं

२०२५च्या जुलैमध्ये 'साऊथ पार्क'ने ट्रम्पना सैतानाच्या बिछान्यात दाखवलं. व्हाइट हाऊसने चिडून निवेदन काढलं, आणि हे कार्टून एका बाजूला झुकल्याची ओरड पुन्हा सुरू झाली. मला त्याचा कल फार आधी कळला होता. जो कळवळून बोलेल त्याची टिंगल करायची, हा तो कल.

२००४मध्ये बुश-केरी निवडणुकीच्या आठवडाभर आधी कार्टूनच्या निर्मात्यांनी शाळेतली एक निवडणूक दाखवली. दोन्ही उमेदवार घाण, सगळे एकाच माळेचे मणी, मत कशाला द्यायचं! असं म्हणणं हीसुद्धा एक बाजू घेणंच असतं.

पण मला लागला तो २००६च्या एप्रिलमधला भाग. जर्सी सिटीतल्या शाळेत मी तेव्हा विज्ञान शिकवत होते, मुलगा अकरावीत. कार्टूनमधले अल गोर, म्हणजे हवामानबदलाबद्दल सावध करणारे अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष, शाळेत येऊन मुलांना एका राक्षसाची भीती घालतात, अर्धा माणूस, अर्धं अस्वल, अर्धं डुक्कर. रोख हवामानबदलावर होता. आणि गोर म्हणजे एकही मित्र नसलेला, लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून धडपडणारा बिचारा. मुलगा पोट धरून हसला. "आई, तू सगळंच मनावर घेतेस." दुसऱ्या दिवशी वर्गात मी कार्बन डायऑक्साइडचा आलेख काढला, तर मागच्या बाकांवरून त्या राक्षसाच्या नावाने हाका सुरू झाल्या. तो तास माझ्या हातून गेला.

२०१२च्या ऑक्टोबरमध्ये सँडी चक्रीवादळ आलं. तळघराच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी, आणि त्यावर आमच्या गणपतीच्या लाकडी मखराच्या पट्ट्या तरंगत होत्या. वादळं पूर्वीही येत. पण समुद्राची पातळी वाढली की तेच वादळ आणखी आत शिरतं, हेच तर मी वर्गात सांगत होते.

२०१८मध्ये कार्टूनचे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी तो राक्षस परत आणला, या वेळी खराखुरा. मोटारी आणि महागडं आइस्क्रीम मिळावं म्हणून आजोबांच्या पिढीने त्याच्याशी सौदा केलेला असतो. कार्टूनमधली पोरं गोरकडे जाऊन माफी मागतात. आपली चूक आपल्याच कार्टूनमध्ये कबूल करायला धैर्य लागतं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मुलाने मुद्दाम फोन करून सांगितलं, "आई, बघ हं नक्की." मी पाहिलं, आणि मला त्या मागच्या बाकांवरची पोरं आठवली. एव्हाना ती तिशीला आली असतील.

मखर आम्ही नवीन केलं. ते आता माळ्यावर ठेवतो.