आधी झोप, मग पेंग्विन

लहान मुलांना घेऊन काढलेली शहरातली सहल फसते ती बहुधा दुपारी एक ते तीनच्या दरम्यान. सकाळी मूल ताजंतवानं असतं, संध्याकाळी चौपाटीवर वारा असतो. मधल्या दोन तासांत मात्र ऊन डोक्यावर, पोटात अर्धवट खाणं, डोळ्यांवर झोप, आणि आईबाबांच्या यादीतलं दुसरं ठिकाण अजून व्हायचंच असतं. मग चार वर्षांचा गडी भर फुटपाथवर फतकल मारून बसतो आणि हट्टी म्हणून ओरडा खातो. खरं पाहता हट्ट मोठ्यांचा असतो. एका रविवारात राणीबाग, तारांगण, म्हातारीचा बूट आणि गिरगाव चौपाटी बसवायची, हा तो हट्ट.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, दुपारची डुलकी धरून. कल्याणहून साडेसातची गाडी पकडायची म्हणून सहाला उठवलेल्या मुलाच्या खात्यातला तासभर सकाळीच खर्ची पडलेला असतो. दुपारची झोपही बुडाली, तर चौपाटीवरच्या भेळेची चव कुणालाच लागत नाही. आजीला हे कुठल्याही संघटनेशिवाय ठाऊक असतं, पण बेत ठरताना आजीचं मत क्वचितच विचारात घेतलं जातं.

तेव्हा पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर दिवसाला एकच ठिकाण, हा नियम करून टाकावा. ‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ या चार-पाच शब्दांनी जितक्या सहलींचा विचका केला असेल, तितका पावसानेही केला नसेल.

एकच ठिकाण म्हणजे मुलाला कमी मिळालं, असं नाही. भायखळ्याच्या राणीबागेचंच, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचंच उदाहरण घ्या. स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गाठता येणारी ही बाग १८६० च्या दशकातली आहे. ती आधी वनस्पती उद्यान, मग प्राणिसंग्रहालय. त्यामुळे मुंबईत सहसा न मिळणारी एक गोष्ट इथे भरपूर आहे: जुन्या, मोठ्या झाडांची सावली. पाहुण्यांना वाघ आणि पेंग्विन दाखवायचे असतात, पण दीड वर्षाच्या मुलाला घेऊन फिरणाऱ्यांसाठी या बागेतलं सगळ्यांत मोलाचं आकर्षण ती सावलीच आहे. मांडीवर मूल घेऊन तासभर बसता येणं ही या शहरात चैन आहे.

पेंग्विन बघायचेच असतील तर फाटक उघडल्याबरोबर. सोलहून आणलेले आठ हम्बोल्ट पेंग्विन जुलै २०१६ मध्ये मुंबईत आले आणि मार्च २०१७ मध्ये लोकांना बघायला मिळाले. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू-चिलीच्या बाजूला, थंड समुद्रप्रवाहाच्या कडेने राहणारे हे पक्षी इथे काचेमागे, गार हवेत पोहत असतात. त्यांच्यावर राजकारण पुष्कळ झालं. मुलांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांना पाण्याखाली सुर्रकन जाणारा पक्षी दिसला की बस. अडचण रांगेची आहे. सुट्टीच्या दिवशी उशिरा पोचलेल्या मुलाची सगळी सहनशक्ती रांगेतच संपते आणि प्रत्यक्ष काचेपाशी ते ‘घरी चल’ म्हणतं.

याच आवाराला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. राणीबाग आणि हे संग्रहालय, दोन्हींची साप्ताहिक सुट्टी बुधवारी, ही एक बरी गोष्ट. संग्रहालयात काचेच्या पेट्यांमध्ये जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या पागोट्यांच्या नि पोशाखांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बाहुल्यांचं दुकान बघावं तशा त्या आवडतात, मात्र वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. तेवढ्यात बाहेर पडावं. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ च्या सुमारास ते जोडून पुन्हा हत्ती उभा करण्यात आला. मोडलेला नि चिकटवलेला हत्ती ही गोष्ट मुलांना वाघापेक्षा जास्त पटते, कारण मोडण्याचा नि चिकटवण्याचा अनुभव त्यांना रोजचा असतो.

जवळच काळा घोडाही आहे, मूळचा. ज्याच्यावरून दक्षिण मुंबईतल्या त्या भागाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि राणीबागेत आणून ठेवला. मूळ जागी २०१७ मध्ये नवा घोडा आला, पण स्वाराशिवाय. एवढी तीन-चार दृश्यं, मध्ये डबा, मध्ये झोप, आणि दोन वाजता परतीची वाट. दिवस भरला.

परतीची वाट मात्र आधी बघून ठेवायला हवी. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, हे मुंबईत जन्मलेल्यालाही नेमकं सहलीच्या दिवशी विसरायला होतं. मध्य आणि हार्बर मार्गांवरचा ब्लॉक सहसा सकाळी अकराच्या आसपास सुरू होतो आणि दुपारी चारपर्यंत चालतो. म्हणजे झोपाळू मुलाला घेऊन घरी निघायच्या नेमक्या वेळी. स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवल्या की काही स्टेशनांवर थांबतच नाहीत. कुठल्या मार्गावर, किती ते किती, हे रेल्वे आदल्या दिवशी जाहीर करते. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलमध्ये तिकीट लागत नाही आणि पाच ते बारापर्यंत अर्धं लागतं, हे सगळ्यांना पाठ असतं. ब्लॉकची बातमी वाचायची मात्र राहून जाते.

सुट्ट्यांचंही तसंच. राणीबाग बुधवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी बंद. शाळेच्या सुट्टीत, गर्दी नको म्हणून मुद्दाम रजा टाकून सोमवारी निघालेली कुटुंबं बंद फाटकं बघून परततात. पुण्याच्या पाहुण्यांनाही सांगून ठेवायला हवं, कारण कात्रजचं प्राणिसंग्रहालयही बुधवारीच बंद असतं.

इथवर चूक आईबाबांची. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही.

रविवारी मॉलमध्ये जाणाऱ्या पालकांना नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. मुलांना झाडं दाखवा, इतिहास दाखवा, सरकत्या जिन्यावर काय फिरवता, असा उपदेश वर्तमानपत्रांतूनही होतो. उपदेश करणाऱ्यांनी एकदा दोन वर्षांचं मूल आणि बाबागाडी घेऊन मुंबईच्या फुटपाथवरून अर्धा किलोमीटर चालून बघावं. दर पन्नास पावलांवर उंच कडा, मग खोदकाम, मग लावलेली मोटारसायकल. बाबागाडी ढकलायची नसतेच, उचलायची असते. मॉलमध्ये जमीन सपाट, हवा गार, पाणी प्यायला मिळतं आणि मुख्य म्हणजे मुलाने ‘शू’ म्हटल्यावर दोन मिनिटांत स्वच्छ जागा सापडते. बहुतेक ठिकाणी लंगोट बदलायला फळीही असते. मॉल जिंकतो तो खेळण्यांच्या दुकानांमुळे कमी आणि संडासांमुळे जास्त. महापालिकेची बाग, सरकारचं संग्रहालय, रेल्वेचं स्टेशन यांनी याच एका मुद्द्यावर स्पर्धा हरलेली आहे, आणि ती हरण्याला पैशांची कमतरता हे कारण पटण्यासारखं नाही. करोडोंचे पेंग्विन कक्ष बांधणाऱ्या शहराला लहान मुलाच्या मापाचं कमोडचं भांडं परवडत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

याबाबत राज्य परिवहन महामंडळाचं एक काम लक्षात ठेवण्याजोगं आहे. एसटीच्या स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी ‘हिरकणी कक्ष’ उघडले गेले. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव द्यायची कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यायला हवी. सगळेच कक्ष उघडे आणि नीट असतात असं कुणी म्हणणार नाही. एखाद्याला कुलूप असतं, किल्ली कुणाकडे ते विचारावं लागतं. पण निदान ती गरज आहे, एवढं एका सरकारी यंत्रणेने मान्य केलं. शहरातल्या प्रत्येक मोठ्या बागेत, संग्रहालयात आणि मेट्रो स्टेशनात असा कक्ष का असू नये? मेट्रो ३ ची आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिच्यावरचं विज्ञान केंद्र स्टेशन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासाठी सोयीचं आहे, आणि ते केंद्र म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांचा हक्काचा दिवस. गाडी तिथपर्यंत नेली, आता मुलांच्या गरजाही न्याव्यात.

चांगलं काही होतच नाही असं नाही. मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये झाडांमधून जाणारी उंच पायवाट खुली झाली; तिचं ठरावीक वेळेचं तिकीट ऑनलाइन काढता येतं. झाडं बघायला वेळ ठरवून जायचं म्हणजे काय, अशी थट्टा झाली, पण लहान मुलांच्या पालकांना या पद्धतीचं मोल बरोबर कळतं: रांगेत मुलाला तासभर थोपवून धरावं लागत नाही. पेंग्विन कक्षाला अशी वेळेची तिकिटं लावायला काय हरकत आहे?

मोठा खर्च करूनच मुलं खूश होतात, हा समजही एकदा तपासून बघावा. पुण्याच्या पेशवे पार्कातली ‘फुलराणी’ ८ एप्रिल १९५६ ला सुरू झाली आणि तिच्यात बसलेल्या मुलांची नातवंडं आता तिच्यात बसतात. बोरिवलीच्या ‘वनराणी’चे रूळ मे २०२१ च्या तौक्ते वादळात खराब झाले आणि गाडी पुढे बराच काळ बंद राहिली, तेव्हा उपनगरांतल्या पालकांनी केलेली हळहळ कुठल्याही थीम पार्कच्या वाट्याला आली नसती. दोन्ही गाड्यांत वेगाचा थरार शून्य. सावकाश जाणारी गाडी, दोन्ही बाजूंना झाडं, फेरी संपली की ‘अजून एकदा’. तीन वर्षांच्या माणसाला एवढं पुरतं. दुसरी फेरी मारू द्यावी आणि संग्रहालयाचा एक मजला सोडून द्यावा.

राणीबागेत नाताळच्या, नववर्षाच्या सुट्टीत किती हजार लोक आले आणि महापालिकेला किती महसूल मिळाला, याच्या बातम्या दरवर्षी न चुकता छापून येतात. २०१७ मध्ये तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं, तेव्हा सोयी वाढतील असं पालकांनी धरूनच ते मान्य केलं होतं. येत्या जानेवारीत महसुलाच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे द्यावेत: त्या दिवशी आवारात लहान मुलांसाठी वापरण्याजोगी किती स्वच्छतागृहं उघडी होती, आणि बाळाला पाजायला किती खोल्या होत्या.