शिक्षा, चेष्टा आणि एक हिंदीचा वर्ग

‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ हे दोन्ही शब्द मराठीत आहेत आणि हिंदीतही आहेत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत शिक्षा म्हणजे दंड आणि चेष्टा म्हणजे थट्टा. धार किंवा देवास येथील मराठी घरातून हिंदी शाळेत जाणारे मूल शब्दांचे हे दोन्ही अर्थ शिकते. पुष्कळदा ते अनुभवतेही. हे आज आठवण्यास निमित्त झाले ते एका जुन्या दूरदर्शन मालिकेचे.

1993 साली दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘जबान संभालके’ ही विनोदी मालिका सुरू झाली. ज्यांनी ती पाहिली त्यांच्या स्मरणात राहिली. मोहन भारती हा हिंदीचा शिक्षक (पंकज कपूर) आणि त्याच्यासमोर निरनिराळ्या प्रांतांतील व देशांतील प्रौढ विद्यार्थी, एवढाच तिचा संसार. त्या बाकांवर आपला एक मराठी माणूसही होता : विठ्ठल बापूराव पोटे. ही भूमिका विजू खोटे यांची, तर संस्थेच्या कडक बाई मिस दीक्षित म्हणजे शुभा खोटे, विजू खोटे यांच्या सख्ख्या भगिनी. मोडके हिंदी बोलणारा इंग्रज साकारला टॉम ऑल्टर यांनी. मसुरीत जन्मलेल्या या नटाचे हिंदी-उर्दू किती अस्खलित होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

मालिकेचा मूळ साचा इंग्लंडमधला. तेथे 1977 ते 1979 या काळात ‘माइंड युवर लँग्वेज’ ही मालिका गाजली आणि परदेशी माणसांची ठोकळेबाज चित्रे रंगवल्याबद्दल तिच्यावर टीकाही झाली. तो आक्षेप हिंदी मालिकेलाही लागू पडतो. तरी एक फरक आहे. लंडनमध्ये हसणारा घरचा होता आणि ज्याला हसायचे तो बाहेरून आलेला. येथे बाकांवर बसलेले बहुतेक विद्यार्थी याच देशाचे नागरिक होते आणि त्यांचे भाऊबंदच प्रेक्षकांत बसले होते.

मराठी माणूस हिंदीत चुकतो तो कोठे, हे जरा पाहू. ‘आवाज’ मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. ‘पुस्तक’ आपल्याकडे नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, म्हणून ती स्त्रीलिंगी. ‘मेरा आवाज’ म्हणणारा पोटे अडाणी ठरत नाही. तो मातृभाषेच्या व्याकरणाशी इमान राखत असतो. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर एका वाक्यात उलगडा होतो. ठाऊक नसेल तर वर्ग हसतो आणि मूल गप्प बसते.

माळव्यातील मराठी मुलाची अडचण येथे दुहेरी होते. शाळेत त्याच्या हिंदीला हसू येते. सुट्टीत पुण्याला आजोळी गेले, की ‘तू काय करून राहिला?’ या त्याच्या प्रश्नावर मामेभावंडे खिदळतात. मग दोन्हीकडे सुरक्षित असलेली एकच वाट त्याला दिसते : घराबाहेर मराठी बोलायचीच नाही. काही वर्षांनी घरातही नाही. कोणत्याही सरकारी आदेशावाचून भाषा अशी मिटते.

आणि ही भूमी मराठीला परकी नव्हे. धारचे पवार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे पवार यांनी अठराव्या शतकापासून 1948 च्या विलीनीकरणापर्यंत येथे राज्य केले. त्याही आधीचा, अकराव्या शतकातील ‘राउळवेल’ हा शिलालेख धारचा मानला जातो. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांचे वर्णन त्यात निरनिराळ्या बोलींत केलेले आहे आणि त्यांतील एका भागात अभ्यासकांना जुन्या मराठीच्या खुणा दिसतात. अनेक बोली शेजारी शेजारी मांडून त्यांचे कौतुक करावे, हे माळव्याला नऊशे वर्षांपूर्वीच सुचले होते.

मागणे काय, तर शिक्षकाचे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे संविधानाचा अनुच्छेद 350 क सांगतो. तो 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला आणि त्याच वर्षी मध्य प्रदेशाची पुनर्रचना झाली. आम्ही सीमाभागातील लोक या कलमाचा आधार वारंवार घेतो. धार-देवासच्या बांधवांनीही तो घ्यावा. आठवड्यातून दोन तास मराठी शिकवणारा एक माणूस मिळाला, तरी मुलाच्या मनातील संकोच गळून पडतो.

दुसरे मागणे मराठी दूरचित्रवाणीकडे. चिमणराव निर्माण करणारे चिं. वि. जोशी बडोद्यात अध्यापन करीत आणि तो चिमणराव पुढे मुंबई दूरदर्शनवर सर्वांचा लाडका झाला. महाराष्ट्राबाहेरचा मास्तर आपल्या विनोदाला अनोळखी नाही. मग देवासच्या एखाद्या शाळेत हिंदी आणि मराठी या दोहोंमध्ये दिवस काढणारा शिक्षक पडद्यावर का येऊ नये? त्याच्या करून-राहिलो-आहे मराठीसह तो यावा.

मोहन भारतीच्या वर्गात सगळेच चुकत, म्हणून तेथे हसण्याने कोणी एकटा पडत नसे. शिक्षक वैतागे, डोक्याला हात लावी. पण दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा बाकांवर हजर असत. आपल्या मुलांना असाच वर्ग हवा आहे. तोवर पुण्या-मुंबईच्या नातलगांना एवढीच विनंती, की माळव्याहून आलेले मूल मराठीत बोलू लागले, तर त्याला आधी वाक्य पुरे करू द्या. ती त्याची चेष्टा आहे, हिंदीतल्या अर्थाने. तिची मराठी चेष्टा करू नका.