तारखेची वाट पाहणारी पाठदुखी

खुर्चीला खिळलेला कारकून आणि फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक यांना पाठदुखीचे नावीन्य ते काय! बाम चोळावा, शेक घ्यावा, दोन दिवस रजा टाकावी. बहुतेकांची पाठ तेवढ्याने ताळ्यावर येते. परंतु ज्याला पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, त्याने आपल्या पाठीला हा सर्वसाधारण न्याय लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड यांचे कर्करोग मणक्यांत पसरतात, आणि तेही कधी कधी मूळ रोग बरा झाला असे मानल्यावर कित्येक वर्षांनी. पोखरलेला मणका खचला किंवा गाठ मज्जारज्जूवर दाबू लागली, म्हणजे पायांतील बळ जाते, लघवी अडते. दुखणे मात्र बहुधा त्याच्या कित्येक आठवडे आधीच सुरू झालेले असते. ते विश्रांतीने शमत नाही. आडवे होताच वाढते, रात्री झोपेतून उठवते, छातीभोवती पट्टा आवळल्यागत जाणवते. साध्या एक्स-रेवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण हाड बरेच झिजल्यावाचून त्यात काही उमटतच नाही. (असे रात्रीचे दुखणे आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचेही असू शकते, तपासणी तेव्हाही टळत नाही.)

येथे प्रश्न दिवसांचा नव्हे, तासांचा असतो. चालत आलेला रुग्ण उपचारानंतर बहुधा चालत राहतो. पाय पुरते लुळे पडल्यावर आलेला क्वचितच पुन्हा उभा राहतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये २००८ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी, मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे दिसताच चोवीस तासांत एमआरआय करावा, असे बजावले.

आपल्याकडे काय घडते? पाच वर्षांपूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाई घरच्यांना घोर नको म्हणून गप्प राहते. गल्लीतल्या डॉक्टरांना जुन्या आजाराचे सांगत नाही, आणि तेही विचारीत नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात गावोगावचे रुग्ण येतात. उपचार संपवून गावी परतलेल्याला ‘पाठ दुखली, पाय जड झाले तर ताबडतोब या’ हे दोन शब्द मराठीत, लेखी मिळावयास हवेत. प्रत्येक कर्करोग रुग्णालयाने ते घरी जातानाच्या कागदावर ठळक छापावेत. खर्च शाईचा. एरवी फेरतपासणीची तारीख तीन महिन्यांनंतरची आहे, एवढ्याच कारणास्तव रुग्ण कळ सोशीत थांबतो. आणि त्या तारखेला त्याला उचलून आणावे लागते.