जालन्यात स्विमिंग पूल बांधण्याआधी पेरूचं हे तळं बघा



कृषी पर्यटन सुरू करायचंय असं कुणी म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, स्विमिंग पूल आणि रेन डान्सला किती खर्च येईल?" जालना जिल्ह्यात राहून हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी पेरू देशात पाठवतो. नकाशावरच हं!

तिथं इका शहराशेजारी वाकाचिना नावाचं छोटं गाव आहे, लिमा या राजधानीपासून साधारण ३०० किलोमीटरवर. चारी बाजूंना वाळूच्या उंच टेकड्या, मधोमध एक तळं आणि काठावर झाडं. यालाच ओॲसिस म्हणतात. पाऊस जवळपास नाहीच. तरीही पाठीवर सॅक अडकवून जगभरातली पोरं-पोरी एकेकटी तिथं जातात. ऊन उतरलं की बग्गीत बसून टेकड्यांवर जायचं, फळीवरून वाळूत घसरायचं, वर बसून सूर्य मावळताना बघायचा.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. वाळू फुकट, सूर्यास्त फुकट. स्थानिक माणूस विकतो काय? बग्गीतली एक सीट, भाड्याची एक फळी, एक खाट, एक जेवण. सगळं सुटं. एकट्या माणसालाही परवडतं, "आधी दहा जण जमवा" अशी अट नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. इकाच्या परिसरात परदेशी बाजारासाठी द्राक्षं आणि ॲस्परॅगसची मोठी शेती झाली. विहिरी वाढल्या, भूजल खाली गेलं आणि वाकाचिनाच्या तळ्याचं पाणी उतरलं. आता बाहेरून पाणी आणून तळ्यात सोडावं लागतं. ज्या तळ्यासाठी गिऱ्हाईक येतं, तेच टिकवायचा खर्च डोक्यावर बसला. भांडवल खाऊन धंदा केला की असंच होतं.

आता आपल्या जिल्ह्यात या. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतोय ना? मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, जालना शहर टँकरवर आलं. पण त्याच जिल्ह्यात कडवंची गाव आहे. १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं, तिथल्या लोकांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. पुढं शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. दुष्काळातही लोक ते गाव बघायला येत राहिले. आपला ओॲसिस हाच!

म्हणून माझं स्पष्ट मत: जालन्यात पर्यटनाचा धंदा करायचा तर पाणी उधळून करू नका, पाणी कसं राखलं ते दाखवून करा.

हिशोब मांडा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सव्वा मीटरच्या आत खोल असा साधा पूल धरला तरी ६० हजार लिटर पाणी लागतं. म्हणजे १० हजार लिटरचे ६ टँकर. वर उन्हाळ्यात उडून जाणारं वेगळंच. एका पाहुण्याला दिवसाला १०० लिटर धरा. तेवढ्याच पाण्यात ६०० पाहुणे होतात! आणि मे महिन्यात शेजारच्या वस्तीवर बाया हंडे घेऊन उभ्या असताना तुमच्या शेतात रेन डान्स चालू असेल, तर गाव तुमच्या बाजूनं उभं राहील का?

"पण सर, पूल नसेल तर ग्रुप येत नाहीत." बरोबर आहे. म्हणून सुरुवात एकट्या प्रवाशापासून करा. तो पूल बघायला येत नाही, पूल त्याच्या शहरात आहेच. त्याला बांधावरून चालायचंय, शेततळं कसं भरतं ते समजून घ्यायचंय, ज्वारीची भाकरी खायचीय, रात्री चांदणं बघायचंय. एक स्वच्छ खोली, स्वच्छ संडास आणि नीट माहिती सांगणारा माणूस एवढ्यावर सुरुवात होते. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, ती करून घ्या.

एक धोका आत्ताच सांगतो. विहीर उपसून शेततळं भरलं, तर ती फक्त साठवण झाली, पाणी काही वाढलं नाही. वाकाचिनाच्या वाटेनं जायला वेळ लागत नाही.

आजचा होमवर्क: तुमच्या विहिरीची पातळी डिसेंबरात किती असते आणि मे महिन्यात किती, हे वहीत लिहा. मग पाहुण्यांचा आकडा ठरवा. दोन्ही आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.