कुकरची रिंग आणि गाडीचे पॅकिंग

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला आपण पावसाळ्यात कपाटाला येणारा कुबट वास घालवला. आज जरा स्वयंपाकघराबाहेर येऊ या. अंगणात किंवा शेडमध्ये तुमची गाडी उभी असते ना, तिच्याखाली वाकून बघा. काळा, तेलकट डाग दिसतो का? दिसत असेल तर आजचे पान तुमच्यासाठी आहे.

सावित्रीकाठचे, गरम पाण्याच्या झऱ्यांचे सव हे आमचे गाव. आमच्याकडे २००९ सालची मारुती आठशे आहे. वर्षभर तिच्याखाली असा डाग पडत होता. मी काय करायची? खाली पुठ्ठा सरकवायची. पुठ्ठा भिजला की दुसरा! ह्यांनी अधूनमधून ऑइल ओतायचे आणि मी पुठ्ठा बदलायचा, असा आमचा संसार चालला होता.

गेल्या वर्षी नणंदेच्या बाळंतपणासाठी साताऱ्याला निघालो. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागलो, तर वळणावर ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकला. ह्यांनी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. डिपस्टिक काढली, तर टोकाला जेमतेम ओल! त्या इंजिनात मुळात ऑइल तीन लिटरच्या आसपास. ते कमी झाले की चढावर, वळणावर एका बाजूला कलंडते, पंपाला मिळत नाही आणि आतले भाग कोरडे घासू लागतात. मागच्या सीटवर सासूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून बसलेल्या. एका जीपवाल्या भावाने लिटरभर ऑइल दिले म्हणून पोचलो. तो दिवा लागल्यावर “पुढच्या गावापर्यंत जाऊ” म्हटले असते, तर इंजिन गेले असते. हे मात्र पक्के लक्षात ठेवा.

परत आल्यावर एका गॅरेजात दाखवले. “मागचे ऑइल सील गेलेय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पंधरा हजार,” असे उत्तर मिळाले. माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या पगाराचे ते दोन महिने. मी बी.ए. मराठी घेऊन झालेली. यंत्रातले मला काय कळणार? पण कुकर तर रोज हाताळते ना!

कुकरची रिंग म्हणजेच गॅस्केट. दोन धातूंच्या मधली फट ती भरते. उष्णतेने ती कडक होते आणि कडेने वाफ सुटते. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असते, ते टॅपेट कव्हर. त्याखालीही अशीच रबरी रिंग असते, तिला गॅरेजवाले पॅकिंग म्हणतात. ती कडक झाली की तेल वरून पाझरते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते आणि खाली टपकते. डाग खाली, पण गळती वर!

म्हणून आधी गळती शोधा. थंड इंजिन कापडाने स्वच्छ पुसा आणि संशयाच्या जागी अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवा. थोडा वेळ गाडी चालवून आणा. जिथे पावडर ओली झाली, तिथून तेल येते. आमची पावडर टॅपेट कव्हरच्या कडेलाच ओली झाली. नवे पॅकिंग अडीचशे रुपयांत मिळाले.

ते घरी असे बदलतात. इंजिन पूर्ण थंड हवे. ऑइल काढायची गरज नाही. कव्हरवरची धूळ आधी ब्रशने झाडा, नाहीतर माती आत पडेल. प्लगच्या वायरी आड येत असतील तर टोपी धरून काढा आणि त्यांना नंबर लावा. बोल्ट सोडवून वाटीत ठेवा. कव्हर चिकटले असेल तर लाकडाने हलके ठोका. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, कडेला चरा पडतो. दोन्ही कडांवरचे जुने रबर प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडा आणि सुती कापडाने पुसा. आत कपटासुद्धा पडू देऊ नका. नवे पॅकिंग खाचेत नीट बसवा. बोल्टखालचे रबरी वायसरही नवेच घाला.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वेळी मी पान्याला सगळा जोर लावला. घट्ट म्हणजे चांगले, असा माझा समज. पंधरा दिवसांत पुन्हा डाग! जोराने पॅकिंग चेपून बाहेर आले होते. करंजीची कड आपण एकाच जागी दाबत नाही, सगळीकडे सारखी दाबतो, तसेच इथे. आधी सगळे बोल्ट हातानेच फिरवायचे. मग मधून बाहेर, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. किती, ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असते.

दुसरे कारण त्याहून मोठे होते. कुकरच्या शिट्टीचे भोक चोंदले तर वाफ रिंगेतून वाट काढते की नाही? इंजिनातली हवा बाहेर जाण्यासाठी कव्हरवरून एअर फिल्टरकडे एक रबरी नळी जाते. आमची नळी काळ्या चिकट्याने भरली होती. गरम साबणाच्या पाण्याने धुतली, पूर्ण वाळवली, पुन्हा नवे पॅकिंग घातले, आणि आज आठ महिने जमीन कोरडी आहे. रिंग बदलली पण शिट्टी साफ केली नाही, तर कुठलीच रिंग टिकत नाही.

मात्र हौसेला मर्यादा हवी. खालच्या ऑइल चेंबरचे पॅकिंग किंवा मागचे सील असेल तर मेकॅनिककडेच जा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही शिरू देऊ नका. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. गाडी चालवूच नका. आणि निघालेले काळे ऑइल, तेलाची फडकी गटारात टाकू नका. आपल्याकडे गटार शेवटी सावित्रीलाच मिळते. डब्यात साठवून गॅरेजात द्या.

दर रविवारी, गाडी सपाट जागी आणि थंड असताना, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून बघायची. हे काम आता आमच्याकडे माझे आहे. पुठ्ठे मी रद्दीत दिले.