ऑनलाईन कोर्सला नाव द्यायच्या आधी

जुलै उजाडला की आपल्याकडे दोन पूर येतात. एक पावसाचा आणि दुसरा एनपीटीईएलच्या नोंदणीचा! वर्गाच्या ग्रुपवर लिंक पडते आणि अर्ध्या तासात निम्मा वर्ग नाव देऊन मोकळा. विषय कोणता, आठ आठवड्यांचा की बारा, कोण बघतो? फुकट आहे ना, मग घेऊन टाकू. मित्रांनो, या 'घेऊन टाकू'शीच माझं भांडण आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा गोड मानून घ्या.)

कोर्स चांगले आहेत, त्याबद्दल वाद नाही. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं, प्रमाणपत्राचे कोर्स २०१४ मध्ये आले, २०१७ मध्ये 'स्वयम्' आलं. रत्नागिरीत बसून आयआयटीतल्या सरांचं अख्खं सेमिस्टर ऐकायचं म्हणजे पूर्वी आधी जेईई काढावी लागायची! पण ऐकायला मिळणं वेगळं आणि आपली तयारी असणं वेगळं.

तयारी म्हटलं की सगळे विचारतात, नेट आहे का, लॅपटॉप आहे का? प्रश्न खोटा नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेजारच्या सिंधुदुर्गातली एक मुलगी रेंजसाठी डोंगरावर झोपडीत बसून भर पावसात लेक्चर्स करत होती, ते आपण सगळ्यांनी वाचलं. पण रेंज तिथे होती म्हणून झोपडी तिथे झाली. रोज वर चढून जाणं मात्र रेंजमुळे होत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या खिशात रेंज आहे. रोजचं चढणं आहे का?

आकडा बघा. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाईन कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापून आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या शंभरातले जेमतेम तीन जण शेवटापर्यंत पोचले. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के. म्हणजे पैसे भरूनही निम्म्याहून जास्त गळाले. ही काय सगळी बिनडोक माणसं होती? मला नाही तसं वाटत. त्यांना अडल्यावर विचारायला शेजारी कोणी नव्हतं, आणि आज बुडवलं तर उद्या ओरडायलाही कोणी नव्हतं. वर्गात आपण तोंड वाकडं केलं की मॅडम थांबतात, पुन्हा सांगतात. व्हिडिओ थांबत नाही. तो आपणच थांबवायचा असतो, आणि आपल्याला समजलेलं नाही हे आधी आपल्याच लक्षात यावं लागतं.

इथे माझ्यासारख्या इंग्रजी मीडियमवाल्यांची गंमत होते. वाक्यं कळत जातात, त्यामुळे विषयही कळतोय असं वाटतं, आणि चहा पिता पिता लेक्चर संपतं! डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, मराठी शाळेतली मुलं दर दोन मिनिटांनी व्हिडिओ थांबवून वहीत लिहिताना मी पाहिली आहेत. त्यांना वेळ दुप्पट लागतो, पण माझ्या मते खरे तयार तेच. शिवाय इंग्रजीचीच भीती असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. सी, पायथन, लिनक्स असे बरेच विषय मराठी आवाजात आहेत, आणि ट्युटोरियल बघता बघता बाजूला सॉफ्टवेअर उघडून स्वतः करायचं अशीच त्यांची रचना आहे. सवय लावायला उत्तम.

आता असाइनमेंटचा विषय, ज्यावर कोणी उघड बोलत नाही. दर आठवड्याची उत्तरं ग्रुपवर फिरतात. टिक टिक केलं की पंचवीसपैकी पंचवीस. पण एनपीटीईएलची परीक्षा ७५ मार्कांची, केंद्रावर जाऊन द्यायची, आणि पास व्हायला त्यात वेगळे ३० लागतात. असाइनमेंटचे २५ तिथे कामाला येत नाहीत! मग क्रेडिटही गेलं आणि फीदेखील.

म्हणून माझी एक साधी सूचना. नाव देण्याआधी त्याच कोर्सची जुनी लेक्चर्स यूट्यूबवर मिळतात का बघा, बहुतेक मिळतात. पहिला आठवडा बघू नका, तो नेहमी सोपाच असतो. पहिले दोन भरभर संपवून तिसऱ्याला नीट बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि त्यातली गणितं एकट्याने सोडवा. तीन-चार तास सहज जातील. दर आठवड्याला एवढे तास सबमिशन, व्हायवा आणि केटी सांभाळून कुठून काढणार, ते वार आणि वेळ घालून कागदावर लिहा. 'रात्री बघू' ही वेळ नव्हे.

आणि कॅलेंडरही बघा. जुलैच्या कोर्समध्ये गणपती हमखास मध्ये येतात, आणि कोकणातलं पोरगं गणपतीत व्हिडिओ बघेल यावर माझा विश्वास नाही! आठ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम सहा असाइनमेंट धरतात, बाराच्या कोर्सला आठ. म्हणजे बाप्पासाठी दोन आठवडे माफ आहेत. पण वादळात लाईट गेली, तर आठवालीला तिसरा हिशोबात नाही.

परीक्षेची नोंदणी कोर्स सुरू झाल्यावरही काही दिवस उघडी असते. तोवर अभ्यास फुकटच आहे. पैसे त्यानंतर भरा.