‘काही मदत हवी का?’

१५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जन्माच्या लिंगापुरता ठरवला. तृतीयपंथीयांशी भेदभाव करायला मनाई कायम आहे, हेही त्याच निकालात होते. नंतरच्या गदारोळात ते कुणी फारसे ऐकले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्याच मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीचे एक प्रकरण गाजले. चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आई अंतर्वस्त्रांच्या विभागात गेली होती. एका कर्मचाऱ्याने ‘काही मदत हवी का?’ असे विचारले. ती व्यक्ती तृतीयपंथी असावी असे आईला वाटले, मुलगी अवघडली, तक्रार झाली आणि कंपनीने माफी मागितली.

मुलीचे अवघडणे खरे होते. त्या वयात सख्ख्या मावशीसमोरही जीव अर्धा होतो. तिचे माप कोणी घ्यायचे, हे तिनेच ठरवावे आणि दुकानाने ती सोय न मागता द्यावी. यात तडजोड नको. पण माप घेणे वेगळे आणि विचारणे वेगळे. विचारणाऱ्याला ‘नको’ म्हणता येते. इथे माफी मागण्याजोगे काही घडलेच नव्हते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे लक्ष्मी रोडवर, दादरला पुरुष विक्रेते पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून, निऱ्या करून साडी दाखवत आले. तालुक्याच्या गावी अंतर्वस्त्रांचे खोकेही बहुधा पुरुषच पुढे सरकवतो. बायका संकोचतात, पण त्याला कामावरून काढा असे कुणी म्हणत नाही. सिग्नलला टाळी वाजवणारी तृतीयपंथी मात्र आपल्या सवयीची झाली आहे. तीच काउंटरमागे उभी राहिली की नजरा बदलतात.

कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ तृतीयपंथीयांना नोकरी दिली. काहींनी ती लवकरच सोडली, कारण त्यांना कुणी भाड्याने खोली देईना. नोकरीतल्या भेदभावाला आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. तरी आपल्या गावातल्या किती कापड दुकानांत अशी एक तरी व्यक्ती दिसते?

अक्षय्य तृतीया आणि लग्नसराईसाठी दुकानदार जादा माणसे घेतात. त्यांना आमची विनंती आहे : त्यातली एक जागा यंदा तृतीयपंथी उमेदवाराला द्या.